५जीचं चिन्ह आहे, रेंज आहे, तरी नेट चालत नाही: शहराबाहेर आणि प्रवासात पुन्हा पुन्हा येणारी अडचण

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते ताडून पाहता येईल. शहरात फोन छान चालतो. वस्ती विरळ झाली की वर ५जी दिसत राहतं, दोन-तीन काड्याही असतात, पण पान उघडायला घेतलं की नुसतं गोल फिरत बसतं. दुसऱ्यांचे मेसेज येतात, आपण पाठवलेल्या मेसेजपुढचं घड्याळ मात्र हलत नाही. कुणाला फोन लावला तर सात-आठ सेकंद काहीच ऐकू येत नाही, मग वरचं चिन्ह बदलतं आणि रिंग जाते. कधी जातच नाही. फ्लाइट मोड चालू करून बंद केला की थोडा वेळ सगळं सुरळीत होतं आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

फोन बिघडलेला नसतो. सिमही बहुधा ठीक असतं. मी एकदा याच वैतागातून फोन फॅक्टरी रिसेट केला होता. रेंज होती तिथेच राहिली, बॅकअप न घेतलेले फोटो तेवढे गेले. तेव्हा रिसेटच्या वाटेला जाऊ नका.

आत्ता रस्त्यात असाल तर

फोनला ५जी वापरू देऊ नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मोबाईल नेटवर्क, प्रेफर्ड नेटवर्क टाइप इथे जाऊन ४जी किंवा एलटीई (४जीचंच दुसरं नाव) निवडा. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पर्यायांत व्हॉइस अँड डेटा असतं, तिथे एलटीई निवडा. मग एकदाच फ्लाइट मोड चालू करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि बंद करा. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावरच मिटल्या.

नवा, महागडा फोन घेऊन त्यातलं नवं तंत्रज्ञानच बंद करायचं, हे मनाला पटत नाही. म्हणून ते का चालतं हे जरा सविस्तर सांगतो. कारण कळलं की बाकीचे उपायही आपोआप सुचतात.

चिन्ह नेमकं काय सांगतं

५जीच्या पहिल्या मानकाचे दोन भाग होते. डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेला भाग ४जीच्या खांद्यावर उभा राहणारा होता. त्याला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. यात फोनची नोंदणी, हालचालीचा हिशेब आणि कॉल हे सगळं ४जीकडे असतं, ५जी फक्त डेटाची जादा वाहिनी म्हणून जोडलं जातं. स्वतःच्या पायावर उभं राहणारं स्टँडअलोन ५जी जून २०१८ मध्ये मंजूर झालं. जगात बहुतेक कंपन्यांनी सुरुवात पहिल्या प्रकाराने केली, कारण तो लवकर आणि स्वस्तात उभा राहतो.

यात एक गोम आहे. नॉन-स्टँडअलोनमध्ये ४जीचा टॉवर आपल्या प्रसारणात एक खूण सोडतो, की इथे ५जी जोडता येऊ शकतं. अनेक फोन तेवढी खूण वाचूनच वर ५जी लिहितात. प्रत्यक्ष ५जीची वाहिनी जोडलेली असेलच असं नाही. म्हणजे चिन्ह पाहून तुम्ही ५जीला दोष देत असता आणि फोन तेव्हा निव्वळ ४जीवर असतो, किंवा ५जीला चिकटण्याची धडपड करत असतो. काड्यांचंही तसंच. किती डेसिबलला (हे सिग्नलची ताकद मोजायचं माप) किती काड्या दाखवायच्या याचं जगभर एकच असं माप नाही, ते फोन बनवणारा ठरवतो. दोन फोन शेजारी ठेवून काड्यांची तुलना करणं म्हणूनच व्यर्थ.

आणि जाहिरातीतल्या वेगाचं म्हणाल, तर मूळ कागद वाचण्यासारखे आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ५जीसाठी ज्या अटी घातल्या, त्यांत वापरणाऱ्याला सेकंदाला १०० मेगाबिट मिळावेत अशी अट आहे. ती अट दाट शहरी वस्तीच्या चाचणीपुरती आहे. ग्रामीण चाचणीत सुरुवातीला टॉवरमधलं अंतर १,७३२ मीटर धरलं होतं. ज्याने खेडं पाहिलंय त्याने हसावं असा हा आकडा आहे. पुढे त्यात ६ किलोमीटर अंतराची, ७०० मेगाहर्ट्झवरची वेगळी चाचणी आली, तीही भारताने लावून धरली म्हणून. तंत्रज्ञानाने आपल्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. तुमच्या जागेसाठी त्याने तो शब्द दिलेलाच नव्हता.

खरी अडचण: टॉवर तुम्हाला ऐकू येतो, तुम्ही टॉवरला ऐकू जात नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

काड्या दाखवतात टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो ते. तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, हे काड्या दाखवतच नाहीत. टॉवर एकेका वाहिनीवर २० ते ४० वॅटने बोलू शकतो. साधारण फोनला बोलायची परवानगी असते ०.२ वॅटची. जत्रेतल्या भोंग्यावरची घोषणा तुम्हाला दोन शेतं ओलांडून ऐकू येते, तिथून तुम्ही ओरडून उत्तर दिलंत तर माईकवाल्याला काय कळणार! टॉवरचे कान फार तिखट असतात, त्यामुळे फरक सरळ दोनशेपटीचा राहत नाही, पण रेंजच्या कडेला आधी मरतो तो तुमचाच आवाज.

साधं पान उघडायलासुद्धा फोनला आधी विचारावं लागतं, मग पोच द्यावी लागते, पुन्हा विचारावं लागतं. वर जाणारी वाट अडली की खाली येणारी कितीही रुंद असली तरी उपयोग नाही. आलेले मेसेज दिसतात आणि पाठवलेले अडकतात, ते यामुळे.

आता यात ५जी काय भर घालतं ते पाहा. जगात ५जीचा सर्वांत प्रचलित फ्रीक्वेन्सीचा पट्टा ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झचा, त्याचं नाव एन७८. ४जीचे दूरवर पोचणारे पट्टे ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झचे. ३,५०० आणि ७०० यांत पाचपट फरक आहे. तेवढ्याने, एकाच प्रकारच्या अँटेना धरल्या तर, मोकळ्या हवेतसुद्धा सिग्नल १४ डेसिबलने, म्हणजे पंचवीसपट कमी भरतो. टॉवरवरच्या मोठ्या अँटेना-पॅनलने यातलं बरंच भरून निघतं. पण भिंत, ओली झाडी, डोंगराची कड यांना वळसा घालण्यात लांब लहर नेहमीच सरस असते आणि तिथे पॅनल फार काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एन७८वर जाण्या-येण्याला एकच रस्ता आहे, तो वेळ वाटून वापरतात. साधारण तीन हिस्से टॉवर बोलतो, एक हिस्सा फोन. जुन्या कमी फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यांत जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगवेगळा असतो, फोन सतत बोलू शकतो. तिसरी गोष्ट, नॉन-स्टँडअलोनमध्ये फोन ४जी आणि ५जी दोन्हीकडे बोलत असेल, तर तीच तुटपुंजी ताकद दोघांत वाटली जाते. आधीच दुष्काळ, त्यात वाटेकरी.

तुम्ही फोन ४जीवर अडकवता तेव्हा हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. वेग कमी दिसेल, पण काम होईल.

खात्री करायची सोपी पद्धत: स्पीड टेस्ट लावा आणि फक्त अपलोडचा आकडा पाहा. डाउनलोड ३० आणि अपलोड ०.२ असं काही दिसलं, तर दुखणं हेच. ४जीवर अडकवून पुन्हा मोजा. अपलोड वाढला आणि डाउनलोड घटला तर समजा, बरोबर केलं.

उलटंही घडतं, तेही सांगून ठेवतो. काही ठिकाणी ७०० मेगाहर्ट्झवरच स्टँडअलोन ५जी सुरू आहे आणि तिथलं ४जी गर्दीने गुदमरलेलं असतं. अशा जागी ५जी चालू ठेवणंच शहाणपणाचं. म्हणून दोन्हीकडे मोजा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

काड्या सोडा, आकडा वाचा

अँड्रॉइडमध्ये अबाउट फोनमधल्या सिम स्टेटसखाली सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं, त्यात आरएसआरपी (टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती ताकदीने पोचतो तो आकडा) शोधा. आकडा उणे असतो, त्यामुळे –९० हा –११० पेक्षा चांगला. दर १० डेसिबलला दहापट फरक, म्हणजे या दोघांत शंभरपट. –८० पर्यंत उत्तम, –१०० च्या आसपास कामचलाऊ, –११० नंतर कुरकुर सुरू, –१२० खाली आशा सोडा.

मग हातात फोन घेऊन हिंडा, पण हळू. ३.५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची असते, ७०० मेगाहर्ट्झची ४३ सेंटिमीटरची. लहरी एकमेकींवर आपटून काही जागी एकमेकींना मारतात, म्हणून फोन एक वीत सरकवला तरी आकडा पाच-दहा डेसिबलने हलतो. मुठीत आवळलेला, मांडीवर ठेवलेला किंवा खिशातला फोन तुमच्याच अंगाने झाकला जातो. खिडकीत उभा करून हॉटस्पॉटने दुसरं यंत्र जोडलं तर पुष्कळदा तेवढंच पुरतं. मात्र खिडकीच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा मुलामा असेल तर ती काच भिंतीपेक्षा वाईट. ती उघडा.

आकडा चांगला आणि तरी नेट बेकार, असं डोंगरमाथ्यावर हमखास होतं. रेंजसाठी माणसं वर चढतात, काड्या पूर्ण भरतात आणि व्हिडिओ कॉल मात्र खाली होता त्याहून खराब. वरून पाच-सहा टॉवर एकदम दिसत असतात आणि सगळे सारख्याच जोराने बोलत असतात, त्या गोंगाटात फोनला आपला टॉवर वेगळा ऐकू येत नाही. फील्ड टेस्टमध्ये एसआयएनआर (आपल्या टॉवरचा आवाज गोंगाटापेक्षा किती वर आहे ते) हा आकडा असतो, तो शून्याच्या आसपास किंवा उणे दिसला की हेच झालंय. उपाय विचित्र वाटेल: थोडं खाली उतरा. खडकाची किंवा घराची आड अशी घ्या की एकच टॉवर समोर राहील, बाकीचे पाठीमागे झाकले जातील. एका मुक्कामात मी टेकडीच्या माथ्यावर अर्धा तास झगडत होतो. कंटाळून खालच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलो, तर पाचच मिनिटांत फाइल गेली. तेव्हा हे उमगलं.

आरएसआरपी आणि एसआयएनआर दोन्ही चांगले असूनही नेट नाही, तर दोष टॉवरच्या पलीकडे आहे. दूरच्या टॉवरला पुष्कळदा फायबर नसतं, एका टॉवरवरून दुसऱ्यावर बिनतारी मायक्रोवेव्ह लहरींनी उड्या मारत डेटा जातो. वर ५जीचं नवं पॅनल लावलं आणि मागची वाट तीच जुनी ठेवली, तर रुंद तोटीला बारीक नळी जोडल्यासारखं होतं. पहाटे पाचला मोजा आणि रात्री नऊला मोजा. पहाटे पळत असेल तर गर्दी, दिवसभर सारखंच रडत असेल तर मागची वाट. दोन्हींत तुमच्या हातात काही नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम सोडून. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही सिम एकाच कंपनीची ठेवण्यात अर्थ नाही. आणि दोन कंपन्या पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर भाड्याने असतात, हेही लक्षात असू द्या.

फ्लाइट मोडने का चालतं, आणि का टिकत नाही

फोनने टॉवरकडे नोंदणी मागितली आणि ती पाच वेळा फसली, की मानकाप्रमाणे तो एक घड्याळ लावतो आणि शांत बसतो. ४जीत या घड्याळाची ठरीव मुदत १२ मिनिटांची आहे. त्या वेळात तुम्ही चांगल्या रेंजमध्ये आलात तरी फोन रुसलेलाच राहू शकतो. फ्लाइट मोड हे घड्याळ पुसतो, फोन नव्याने दार ठोठावतो. म्हणून तो मंत्र चालतो. पण वर सांगितलेलं मूळ कारण तसंच असेल तर पुन्हा पाच वेळा फसणार.

सारखं दर मिनिटाला फ्लाइट मोड करू नका, त्याने बॅटरी जाते आणि मिळत काहीच नाही. जिथे रेंजच नाही तिथे तर फोन सगळे पट्टे धुंडाळत बसतो आणि संध्याकाळपर्यंत आडवा होतो. अशा टप्प्यात फ्लाइट मोड चालूच ठेवावा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर फ्लाइट मोडमध्येही वाट दिसते.

गाडीत बसल्यावर

ताशी १०० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला २८ मीटर पुढे जाता. कमी फ्रीक्वेन्सीच्या ४जीच्या एका टॉवरचा टापू समजा सहा किलोमीटर रुंद असेल, तर तो ओलांडायला साडेतीन मिनिटं लागतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या ५जीचा टापू किलोमीटर-दीड किलोमीटरचा असला तर एक मिनिटही नाही. शिवाय हे ५जीचे टापू गावाजवळ असतात, मधल्या रस्त्यावर नसतात. म्हणजे प्रत्येक गावाजवळ ५जी जोडा, गाव संपलं की तोडा, असा खेळ चालतो. दर जोडतोडीला डेटा क्षणभर अडखळतो आणि नेमका तेव्हाच तुमचा कॉल चालू असतो. मानकात ताशी ५०० किलोमीटर वेगापर्यंत चालण्याची अट आहे हे खरं, पण ती सलग टॉवर असलेल्या मार्गासाठी. टॉवर नसेल तिथे मानक काय करणार.

वातानुकूलित रेल्वेच्या डब्यात आणखी भर. धातूचा डबा आणि वर मुलामा दिलेल्या काचा, यांत २० डेसिबल सहज जातात. दाराजवळच्या मोकळ्या जागेत फरक पडतो. पण चालत्या गाडीच्या उघड्या दारात रेंजसाठी उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ, ते करू नका. मोठं डाउनलोड गाडी स्थानकात उभी असताना, बाकी वेळ ४जीवर, आणि महत्त्वाचा कॉल असेल तर आधीच मेसेज टाकून ठेवा की मी तासाभराने बोलतो. याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

नेट चालतं, पण फोन लागत नाही

४जीत आणि ५जीत आवाजासाठी वेगळी वाहिनी नाही, आवाजही डेटा म्हणूनच जातो. ४जीवर त्याला व्होल्टी म्हणतात. ते चालू नसेल तर फोनला कॉलसाठी २जी किंवा ३जीवर उडी मारावी लागते. सुरुवातीला म्हटलेली ती सात-आठ सेकंदांची शांतता बहुधा या उडीची असते. स्टँडअलोन ५जीवर असलेला फोनही अनेक जाळ्यांत कॉलपुरता ४जीवर उतरतो. मग त्या जागी ४जी धड नसेल, तर ५जी असूनही कॉल पडतो.

आजवर खाली उडी मारायला जमीन होती. आता ती काढून घेतली जातेय. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये संपलं. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ सालात ते बंद केलं. ऑस्ट्रेलियात शेवटच्या दोन जाळ्यांचं ३जी २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद होऊ लागलं, आणि तिथे एक वेगळाच घोळ उघडा पडला. काही फोन रोजचे कॉल ४जीवरून करत, पण आणीबाणीच्या क्रमांकाला मात्र ३जीवरच जात. असे फोन तिथल्या कंपन्यांना नियमाने जाळ्यातून बाहेर काढावे लागले. रोज नीट चालणारा फोन नेमका संकटात मुका, हे मालकाला कळणार कसं?

तेव्हा प्रवासाला निघण्याआधी घरीच तपासा. सेटिंगमध्ये व्होल्टी चालू करा, आणि कॉल चालू असताना वरचं चिन्ह ४जीच राहतं ना ते पाहा. ते घसरून एच किंवा ई (म्हणजे ३जी किंवा २जी) झालं तर व्होल्टी चालत नाही. जिथे वायफाय आहे आणि रेंज नाही अशा घरात वायफाय कॉलिंग चालू करणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो बहुतेकांना माहीतच नसतो.

परदेशात

इथे आधी पट्टे तपासा. एकाच मॉडेलच्या फोनच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. युरोपातलं खेड्यापाड्यातलं ४जी बरंचसं ८०० मेगाहर्ट्झच्या बँड २० वर आहे. अमेरिकेत तेच काम बँड १२, १३ आणि ७१ करतात. तुमच्या फोनमध्ये हे नसतील तर मोठ्या शहरात काहीच जाणवणार नाही आणि शहर सोडल्यावर शेजाऱ्याचा फोन चालेल, तुमचा नाही. याला सेटिंगमध्ये उपाय नाही. मिलिमीटर लहरींचं ५जी फोनमध्ये आहे की नाही याची मात्र खेड्यासाठी काळजी करू नका, त्याची मजल काही शे मीटर असते आणि झाडाचं पानही त्याला अडवतं.

दुसरं, सिमवर एक काळी यादी असते. एखाद्या जाळ्याने तुम्हाला एकदा नाकारलं की त्याचं नाव सिमवर लिहिलं जातं आणि फोन पुन्हा तिकडे आपणहून जात नाही, बंद करून चालू केला तरी. समजा रोमिंग सुरू करण्याआधीच तुम्ही विमानतळावर उतरलात, सगळ्या जाळ्यांनी नाकारलं, आणि नंतर रोमिंग सुरू झालं तरी फोन ढिम्म. अशा वेळी नेटवर्क निवड ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल करा आणि ते जाळं हाताने निवडा. नोंदणी झाली की नाव यादीतून पुसलं जातं. मग पुन्हा ऑटोमॅटिक. सीमेजवळच्या गावात राहणाऱ्यांना याचा उलटा त्रास होतो. फोन पलीकडच्या देशाच्या जाळ्यात शिरतो आणि परत यायला वेळ लावतो. फोन परक्या जाळ्यात असताना आपलं जाळं शोधण्याची ठरीव पाळी तासातून एकदाची आहे. हाताने निवडलं की लगेच सुटका.

तिसरं, ५जी असून सगळं मंद वाटतं ते अंतरामुळे. रोमिंगमध्ये तुमचा डेटा बहुधा आधी घरच्या कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर. १०,००० किलोमीटर दूर असाल तर फायबरमधल्या प्रकाशालाच जायला ५० आणि यायला ५० मिलिसेकंद लागतात. ५जीने हवेतले दहा-वीस वाचवले तरी त्यापुढे ते काहीच नाही. प्रवासी ई-सिमही पुष्कळदा तिसऱ्याच देशातून फिरवून आणतात. स्थानिक कंपनीचं सिम घेतलं तर हे टळतं.

कायमचं राहणं असेल तर

फोनवर विसंबू नका. बाहेरची अँटेना लावता येणारा राउटर घ्या आणि दिशादर्शक अँटेना टॉवरकडे तोंड करून उंचावर बसवा. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात: अँटेना छतावर, राउटर दिवाणखान्यात आणि मध्ये १५ मीटर बारीक केबल. ३.५ गिगाहर्ट्झवर ती केबल अँटेनाचा सगळा फायदा गिळते. राउटरच वर न्या, पाण्यापावसापासून झाका, आणि खाली आणा ती नेटवर्कची केबल. ती १०० मीटरपर्यंत चालते. पत्र्याच्या छताखाली राउटर ठेवणं म्हणजे हंड्यात रेडिओ लावणं.

बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय लावू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहेत. हलक्या प्रतीचा बूस्टर टॉवरच्या कानाशी शिट्टी वाजवतो आणि आख्ख्या टापूचं अपलोड बसतं. म्हणजे आपल्यासकट सगळ्यांचं.

कंपनीकडे तक्रार करायची तर ‘रेंज नाही’ एवढंच म्हणू नका, उत्तरात फोन रीस्टार्ट करा एवढंच मिळेल. तारीख, वेळ, आरएसआरपी, एसआयएनआर, अपलोडचा वेग आणि फील्ड टेस्टमधला सेलचा (टॉवरच्या एका टापूचा) क्रमांक लिहून पाठवा, तेही दोन-तीन दिवसांचं. असं पत्र अभियंत्यापर्यंत जायची शक्यता बरीच वाढते.

जिथे काहीच नाही

उपग्रहाची सोय आता साध्या फोनमध्ये येऊ लागली आहे. आयफोन १४ मध्ये नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिका आणि कॅनडात उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवता येऊ लागला, पुढे आणखी देश जोडले गेले. २०२२ मध्येच पक्क्या झालेल्या, मोबाईल मानकांच्या १७व्या आवृत्तीत उपग्रहाशी बोलणं ५जीच्या मानकातच आलं. पण अपेक्षा बेताची ठेवा. फोनची ताकद तीच, आणि ऐकणारा शेकडो किलोमीटर वर. त्यामुळे मजकुराचा मेसेज जातो, व्हिडिओची वाट पाहू नका. वर आकाश मोकळं हवं. दाट झाडीत, अरुंद दरीत, घरात ते चालत नाही. तुमच्या देशात ती सेवा सुरू आहे का, हे निघण्याआधी पाहा. आयफोनमध्ये त्याचा सराव करायचा पर्याय आहे, तो घराच्या अंगणात एकदा वापरून बघा. फोन कुठल्या दिशेला धरायचा आणि मेसेज जायला किती वेळ लागतो, ते तिथेच कळेल.